उपरण्याखालचा तिसरा हात

गुरांच्या बाजारात भाव तोंडानं ठरत नाही, हातानं ठरतो. घेणाऱ्याच्या आणि विकणाऱ्याच्या हातांवर एक उपरणं टाकायचं, आणि त्याच्याखाली एकमेकांची बोटं धरून आकडा सांगायचा. बोट दाबलं की हो, झटकलं की नाही. भोवती उभ्या असलेल्यांना काही कळत नाही. तोंडानं मात्र भलतंच चाललेलं असतं. एकजण बैलाची तारीफ करतो, दुसरा त्याच बैलाच्या शेपटीपासून शिंगापर्यंत खोड्या काढतो, मध्येच पाऊसपाण्याचं निघतं, एखादी शिवी जाते. बाजारात सगळे नियम वाकवता येतात, एक वाकत नाही. उपरण्याखाली दोनच हात. बाप-लेक मिळून बैल घ्यायला आले तरी एकाचाच हात आत जातो, दुसरा बाहेर उभा राहून शेंगा खातो.

भोरच्या बाजारात, माझा हात उपरण्याखाली असताना, एका माणसानं त्यात तिसरा हात घातला. तो माझ्या बायकोचा सख्खा धाकटा भाऊ. आज संस्थान गेलं, बाजाराची जागाही बदलणार म्हणतात, पण ती गोष्ट माझ्या मनातून गेलेली नाही, आणि जाऊ नये अशीच माझी इच्छा आहे.

माझा जन्म वेल्ह्याच्या वरच्या अंगाला एका वाडीतला. बाप दुसऱ्यांची गुरं राखायचा. मीही तेच करत वाढलो. गुरं राखणाऱ्याला रानात बोलायला माणूस नसतो, म्हणून तो गुरांकडं बघत बसतो. मी इतकी वर्षं बघितलं की चालणाऱ्या बैलाच्या मागून त्याचं वय, त्याचा मालक कसा आहे आणि तो कोणत्या अंगाला जुंपतात, हे सांगता यायला लागलं. पुढं एका शेतकऱ्यानं त्याच्यासाठी बाजारातून खोंड निवडून आणायला मला बरोबर नेलं. मग दुसऱ्यानं नेलं. मग मीच घ्यायला आणि विकायला लागलो. देशावरून, नीरेच्या पुलावरून, सारोळ्याला जनावर आणायचं, मावळात भाताच्या चिखलणीच्या आधी विकायचं, उरलं तर घाट उतरवून कोकणात न्यायचं. मला कुणी काही दिलं नाही. हे मी उठसूट सांगतो अशी बायकोची तक्रार आहे. मग काय झालं? खरं आहे म्हणून सांगतो.

आवाज माझा मोठा आणि राग त्याहून मोठा. सारोळ्याला मी भावावरून भांडायला लागलो की नीरेच्या पलीकडचे लोक आपल्या गुरांची दावी घट्ट करतात, असं बाजारात म्हणत. मला त्याचा अभिमान होता. धंद्यात तोंड हे कुत्र्यासारखं असतं. ते बाहेर भुंकत राहिलं म्हणजे आत हाताला शांतपणे काम करता येतं.

बायकोचं माहेर उत्रोलीचं. भाताच्या खाचरात मन लागेना म्हणून तिचा भाऊ मिसरूड फुटायच्या आत माझ्याकडं आला. बोटांची भाषा मी त्याला शिकवली, ती आमच्या ओसरीवर, त्याच्या बहिणीच्या लुगड्याचा पदर आमच्या हातांवर टाकून. ती म्हणायची, "लुगडं फाटलं तर दोघं मिळून नवं घ्यायचं." तो हसायचा आणि चुकायचा. चुकला की मी त्याची बोटं पिळायचो. दोन वर्षांत चुकायचा थांबला. माझ्या हाताखाली तयार झालेला तो एकच हेडी, म्हणजे गुरांचा व्यापारी, आणि चांगला तयार झाला हे मी नाकारत नाही.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीच्या वर्षी माझ्या उजव्या डोळ्यावर धुकं आलं. बैलाचं तोंड उघडून दात बघायला गेलो तर दात मोजता येईनात. वैदूनं पाला चोळून घातला, डोळा महिनाभरात आपोआप सुधारला आणि श्रेय वैदूनं घेतलं. वर्षभरानं पायांना मुंग्या आल्या त्या राहिल्याच. डाव्या पायातली वहाण वाटेत निघून पडायची आणि मला फर्लांगभर पुढं गेल्यावर कळायचं. कढत पाण्यानं आंघोळ केली की पाय मेणाचे व्हायचे. उन्हात उभं राहिलो की तसंच. गारव्यात पुन्हा बरं वाटायचं. मला वाटलं, वय झालं. चाळिशीसुद्धा आली नव्हती.

मग जीभ गेली. गेली म्हणजे मुकी झाली नाही. शब्द तुटायला लागले. बैल म्हणायचं तर "बै" आधी बाहेर यायचं, मग ओढ्यावरच्या दगडावर पाय ठेवण्याआधी माणूस थांबतो तसं थांबायचं, मग "ल". बायकोला ते आधी कळलं. ती म्हणाली, "अवं, तुमी असं पारखून पारखून का बोलताय? माझ्यासंगं बी सौदा लावलाय का?"

आणि जिभेवरच सगळं ढकलून चालणार नाही. आत डोक्यातही काहीतरी झालं होतं. एका वेळी एकजण बोलला तर मला सगळं कळायचं, दोघं मिळून बोलायला लागले की दोन्ही निसटायचं, आणि बाजारात कधी एकटा बोलतो काय? एकदा वेसण हातात धरून उभा होतो आणि तिला वेसण म्हणतात हे आठवेना. शब्द आठवला तो घरी येताना, चढावर, जिथं त्याचा काही उपयोग नव्हता. उत्तर मला ठाऊक असायचं. ते यायला वेळ लागायचा, एवढंच. विहीर तीच होती, दोर लांब झाला होता. आकडे मात्र जागेवर होते. कोणता बैल केवढ्याला घेतला आणि कुणाला दिला, हे मला कोणत्याही घटकेला सांगता आलं असतं, सांगू दिलं असतं तर.

आता गंमत ऐका. पहिलं वर्षभर या आजारानं मला फायदाच झाला. आमच्या धंद्यात आकडा बोटात आल्यावर गप्प राहणं हाही एक आकडा असतो. समोरच्यानं आकडा दिला आणि आपण काहीच केलं नाही, तर त्याचा अर्थ, तुझा भाव बोलण्याच्या लायकीचा नाही. पण हे गप्प राहणं सोपं नसतं, आणि मला तर आयुष्यात कधी जमलं नव्हतं. मी भुंकणारा. एकदा कापूरहोळच्या वाटेवर एका शेतकऱ्याची जोडी बघितली. त्यानं आकडा दिला. मला म्हणायचं होतं, "हे काय देवाचं नंदी हाईत व्हय?" पण पहिलाच शब्द दातामागं अडकला, आणि मी त्याच्याकडं नुसता बघत राहिलो. तो चुळबुळला. त्यानं पागोटं सरळ केलं. मग आपण होऊन खाली आला. मी अजून शब्दाशीच झटत होतो, तर तो आणखी खाली आला.

असं पुन्हा झालं, आणि पुन्हा. बाजारात लोक म्हणायला लागले, हा आता मुरला, पहिल्यासारखा तापत नाही, नुसता बघतो आणि माणसाला घाम फोडतो. ज्यांनी माझ्या शिव्यांना कधी भीक घातली नाही, ते माझ्या गप्प राहण्याला भ्यायले. मेहुण्याला खरं ठाऊक होतं. रात्री भाकरी खाताना तो म्हणायचा, "दाजी, आजार बरा करू नका, धंदा बसंल." मीही हसायचो. हसताना जीभ लागत नाही.

पण जीभ तेवढ्यावर थांबली नाही, आणि पायही. चालताना झोकांड्या जायला लागल्या. झोकांड्या खाणारा आणि तुटक बोलणारा माणूस दुपारी बाजारात दिसला तर लोक काय म्हणतील? तेच म्हणाले. मी आयुष्यात दारूला शिवलेलो नाही. बापाची पाहिली होती, तेवढी पुरली. सकाळी गारव्यात मी बरा असायचो आणि ऊन वर आलं की बिघडायचो, म्हणजे लोकांच्या हिशोबानं मी सकाळचा बाजार करून पहिल्या पैशावर गुत्त्यात जात होतो. एक दिवस बाजाराच्या ठेकेदाराचा कारकून माझ्याशी बोलता बोलता अगदी जवळ आला, आणि मान पुढं करून त्यानं माझ्या तोंडाचा वास घेतला. चार लोकांसमोर, आंबा हुंगावा तसा. मी त्याच्या कानाखाली दिली. हात जिभेपेक्षा लवकर चालला, याचं मला अजून समाधान आहे. पण मारलं त्यामुळं सगळ्यांची खात्रीच झाली. शुद्धीवरचा माणूस कारकुनाला मारत नाही.

तेव्हा बायकोनं हट्ट धरला आणि आम्ही पुण्याला एका मोठ्या इस्पितळात गेलो. तिथं एका तरुण डॉक्टरानं मला चालायला लावलं, नाकाला बोट लावायला लावलं, टाचणीनं टोचलं. मग डोक्याची परीक्षा सुरू केली. आज वार कोणता, महिना कोणता. ते सांगितलं. मग विचारलं, "आपला राजा कोण?"

मी थांबलो. मी संस्थानचा माणूस. आमचा राजा भोरला. याचा राजा विलायतेत. हा विचारतो आहे आपला म्हणजे कुणाचा, माझा की त्याचा, आणि भोरचं नाव सांगितलं तर याला चालेल की नाही, असा विचार मी करत होतो. जीभही वेळ घेत होतीच. तोवर त्यानं कागदावर काहीतरी लिहून टाकलं. मी बायकोकडं बघितलं. ती म्हणाली, "अवं डाक्टर, कुठला राजा त्ये सांगा की. आमच्याकडं दोन हाईत."

पलीकडच्या टेबलावर म्हातारे मोठे डॉक्टर होते, ते मोठ्यानं हसले. त्यांनी तरुणाचा कागद मागून घेतला आणि मला पुन्हा स्वतः तपासलं. वेळ घेऊन तपासलं, हे कबूल केलं पाहिजे. आजाराचं एक लांबलचक इंग्रजी नाव त्यांनी सांगितलं. ते मला तेव्हा धड जिभेवरही घेता आलं नाही. मेंदूतून निघणाऱ्या शिरांवरचं वेष्टण जागोजागी झिजतं, म्हणाले, तारेवरचं कापड झिजावं तसं. निरोप पोचतो, पण उशिरा पोचतो. औषध नाही. मी विचारलं, डोकं जाणार का. विचारायला मला किती वेळ लागला कोण जाणे, पण ते तोपर्यंत थांबले. म्हणाले, "तुमचं उत्तर उशिरा येतं, पण बरोबर येतं. घरच्यांना आणि लोकांना सांगा, थोडं थांबत जा."

लोकांना सांगा, थांबत जा. बाजारात सांगा. पुण्यात बसून सांगायला सोपं.

पण सांगितलं गेलं. मी नाही सांगितलं, मेहुण्यानं सांगितलं. त्याच्या मनात वाईट नव्हतं, असं बायको म्हणते, आणि नव्हतंच. दारूचा डाग पुसावा म्हणून तो भोरच्या बाजारात, नसरापुरात, सारोळ्याला, भेटेल त्याला सांगत सुटला, "आमचं दाजी पीत न्हाईत. त्यास्नी डोक्याचा आजार हाय. पुण्याच्या डाक्टरनं सांगितलंय. तुमी मनावर घेऊ नका." तो स्वतः हेडी. दुसऱ्याच्या बैलाची खोड गावभर सांगितली तर त्याची किंमत काय होते, हे त्याला मी शिकवलं होतं. माझ्या बाबतीत तेवढं त्याला सुचलं नाही.

त्या दिवसापासून माझं गप्प राहणं फुकट गेलं. मी थांबलो की समोरचा घाबरत नव्हता, हसरा चेहरा करून वाट बघत होता, लहान मूल पाढा म्हणताना अडकल्यावर बघतात तसा. कुणी माझं वाक्य आपणच पुरं करायचा, आणि चुकीचं पुरं करायचा. मग ते दुरुस्त करायला मला दुप्पट वेळ लागायचा, आणि तोवर त्याची खात्री व्हायची की मलाच माहीत नाही मी काय म्हणतोय. कुणी मोठ्यानं बोलायचा, मी बहिरा असल्यासारखा. जे मला अरे-तुरे करायला धजले नसते, ते मेहुण्याला विचारायचे, "दाजींस्नी च्या चालतो का?" मी तिथंच उभा असायचो. माणूस प्यालेला असला तर निदान त्याच्याशी भांडतात. आजारी म्हटल्यावर तेही करत नाहीत.

एक जागा उरली होती. उपरण्याखाली मी पहिल्यासारखा होतो. डाव्या हाताची जाणीव कमी झाली होती, उजवा चांगला होता, आणि सौदा उजव्या हातानंच होतो. तिथं बोलायचं नसतं. तिथं आकडे माझे होते.

असाच एका बाजाराला गुंजवण्याकडचा एक म्हातारा जोडी घेऊन आला होता. बैल मनाजोगे होते. मी उपरणं टाकलं. त्यानं आकडा दिला, मी माझा दिला, तो थोडा उतरला. मी थांबलो. या वेळी जीभ नव्हती अडकली, मी मुद्दाम थांबलो होतो. म्हातारा बाजाराला क्वचित येणारा, त्यानं माझ्या आजाराचं ऐकलं नव्हतं, आणि तो अस्वस्थ झालेला मला त्याच्या बोटांतून कळत होतं. आणखी थोडं थांबलो असतो तर तो उतरणार होता. किती दिवसांनी माझ्या थांबण्याला कुणीतरी भीत होतं.

तेवढ्यात उपरणं बाजूनं उचललं गेलं आणि तिसरा हात आत आला. माझ्या मनगटावर टेकला, माझी बोटं अलगद सोडवली.

"राहू द्या, दाजी," मेहुणा म्हणाला. "म्या बघतो."

म्हाताऱ्यानं दचकून हात काढला. मग मेहुण्यानं त्याच्या कानात काहीतरी सांगितलं, तेव्हा त्यानं माझ्याकडं वळून बघितलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर तेच हसू आलं. सौदा मेहुण्यानं केला. चांगला केला. मी जिथं नेला असता त्याच्या अगदी जवळ नेला. तो फसला असता तर मी त्याला माफ केलं असतं. त्यानं चांगला केला, हे मला सोसलं नाही.

मी बाजारातल्या दोन जुन्या दलालांकडं गेलो. पिंपळाच्या पारावर बसून ते असले तंटे मिटवायचे. मी त्यांना विचारलं, उपरण्याखाली तिसरा हात जातो का. ते मला पुरं बोलू देण्याइतके थांबले, पण विचार करायला थांबले नाहीत. एकजण म्हणाला, "न्हाई जात. पर आजारी मानसाचा हात धरला तर त्यो धंद्यातला हात न्हवं, आधाराचा हात." दुसऱ्यानं मान हलवली. म्हणजे माझा हात हात राहिला नव्हता. त्यांचा निवाडा दयेचा होता, आणि दयेच्या निवाड्यावर अपील नसतं.

त्यानंतर मेहुण्यानंच विषय काढला. धंदा त्यानं बघावा, मी घरी बसावं, मला वाटा मिळत जाईल. वाटा किती, ते मात्र बोलला नाही. मी म्हटलं, बाजारासारखं ठरवू. उपरण्याखाली. तो हसून हो म्हणाला. लाड करायला हरकत नाही, असं त्याला वाटलं असावं.

दिवस मी निवडला. पौषातली सकाळ, ऊन अंगणात यायच्या आत. वेल्ह्याकडची थंडी ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहे. उकाड्यात माझी जीभ आणि पाय जातात, थंडीत मी सगळ्यात चांगला असतो. हे बायकोला माहीत होतं, पण ती त्या दिवशी चुलीपाशी राहिली आणि तिनं भावाला आत बोलावलं नाही, याबद्दल मी तिचा ऋणी आहे. तो अंगावर एक पातळ बंडी घालून आला होता. मी त्याला अंगणात दगडावर बसवलं. उपरणं टाकलं. त्याची बोटं आधीच गार होती.

त्यानं चार बोटं दिली. रुपयात चार आणे. मी काही केलं नाही.

तो थांबला. मग म्हणाला, "दाजी, बोला की." मी काही केलं नाही. तो पायावर पाय घासायला लागला. ऊन समोरच्या डोंगराच्या माथ्यावर होतं, खाली यायला वेळ होता. त्यानं पाच बोटं दिली. मग एक बोट वाढवलं. त्याला हुडहुडी भरली होती, ती मला हातातून कळत होती. एकदा त्यानं माझ्या डोळ्यांकडं बघितलं, आजार आहे की डाव आहे हे शोधायला. कापूरहोळच्या वाटेवरच्या त्या शेतकऱ्याकडं बघितलं होतं, तसाच मी त्याच्याकडं बघत राहिलो.

तो आठ आण्यांवर आला. बरोबर निम्मा. तेव्हा मी बोट दाबलं, आणि हात सोडला नाही. मला एक वाक्य बोलायचं होतं. ते मी आदल्या दिवसापासून तोंडात जुळवत होतो.

"मी बाजारात आलो," मी म्हटलं, आणि इथं मोठी खीळ बसली. त्यानं पुढचं सांगायला तोंड उघडलं. मी त्याची बोटं पिळली, त्याला शिकवताना पिळायचो तशी. तो गप्प झाला. बायको चुलीपाशी उठून उभी राहिली होती. मी एकेक शब्द आणला. "माझा हात… उपरण्याखाली… असंल… तर तिसरा… यायचा न्हाई."

तो शेवटपर्यंत थांबला. मग म्हणाला, "न्हाई येणार, दाजी."

ते त्यानं पाळलं आहे. बाजाराला मी आता क्वचित जातो, गाडीत बसून. उजवा हातही पूर्वीचा राहिला नाही. आम्ही बोलतो, सणावाराला जेवतो, निम्मा वाटा वेळेवर येतो. पण त्या सकाळबद्दल तो मला अधूनमधून विचारतो. एकदा तर नसरापूरच्या वाटेवर, गाडीत आम्ही दोघंच होतो, तेव्हा म्हणाला, "दाजी, खरं सांगा. तवा तुमी मुद्दाम थांबला हुता, का बोटं चालंनात?"

मी त्याच्याकडं बघितलं आणि काही बोललो नाही. तो बैलांना हाकायला लागला.